क्रूझवर फॉर्मल कपडे दर वेळी चुरगळतात? बिघाड नेमका कुठे आहे ते शोधूया

तक्रार ठरलेली आहे. घरी कडक इस्त्री करून, जपून घडी घालून भरलेला सूट किंवा गाऊन फॉर्मल नाइटच्या, म्हणजे जहाजावर नटूनथटून जेवायला जायच्या, संध्याकाळी बॅगेतून बाहेर येतो तो चुरगळून. पुढच्या सहलीला नवी बॅग घेतली जाते, त्याच्या पुढच्या सहलीला घडी घालायची नवी पद्धत शिकून घेतली जाते, आणि तरी संध्याकाळी सहाच्या सुमाराला केबिनमध्ये तीच धावपळ. कुणी रिसेप्शनला फोन लावून इस्त्री मागतं, कुणी बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफ धरतं, कुणी कोट तसाच अंगात चढवून "अंगावर बसेल आपोआप" म्हणत जेवायला निघतं.

उपाय करूनही बिघाड परत येतो, कारण बहुतेक जण तो घडीत शोधतात. घडीला महत्त्व आहे, पण तिचा नंबर बराच खाली लागतो. आधी पाहायचं ते हे, की फॉर्मल नाइट खरोखर आहे का आणि कितव्या रात्री आहे, कपडा कोणत्या धाग्याचा आहे, आणि बॅगेतून निघाल्यापासून अंगावर चढेपर्यंत त्याला किती तास हँगरवर मिळाले. यातलं एक जरी चुकलं, तरी घडी कितीही सुबक असो, उपयोग नाही.

केबिनमध्ये इस्त्री नाही, हे धरूनच चाला

हॉटेलात कपाट उघडलं की इस्त्री सापडते, त्यामुळे जहाजावरही असेल असं आपण गृहीत धरतो. नसते. समुद्राच्या मध्यात आग लागली तर इमारतीसारखं बाहेर पळून रस्त्यावर उभं राहता येत नाही, म्हणून जहाजावर आगीइतकी धास्ती दुसऱ्या कशाचीच घेत नाहीत. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत इस्त्री असते, कपड्यांना वाफ देणारा स्टीमरही असतो. "माझी छोटी, प्रवासातली आहे" याने फरक पडत नाही.

लपवून नेण्याचा विचार असेल तर पुढे काय होतं तेही ऐका. बंदरावर बॅगा जहाजात चढण्याआधी एक्स-रे यंत्रातून जातात. इस्त्रीचा आकार त्यात लपत नाही. तशी बॅग बाजूला काढून ठेवतात आणि मालकाला बोलावणं येतं. बाकीच्यांच्या बॅगा केबिनपर्यंत पोचलेल्या असतात, तुमची मात्र खाली पडून असते, आणि तिच्यात तुमचा सूट आणखी काही तास दाबला जात असतो. "बॅग फार उशिरा आली" या तक्रारीचं एक कारण हेच असतं.

मग जहाजावर सोय काय? ते कंपनीवर अवलंबून आहे, आणि बुकिंग झालं की सगळ्यात आधी हेच बघावं. कुनार्ड, प्रिन्सेस, डिस्नी यांच्या जहाजांवर प्रवाशांनी स्वतः वापरायची लाँड्रीची खोली असते आणि तिथे इस्त्रीचं टेबल मिळतं. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर अशी खोली नसते, कपडे पैसे देऊन जहाजाच्या लाँड्रीकडेच द्यावे लागतात. एकाच कंपनीच्या नव्या-जुन्या जहाजांतही फरक असू शकतो, म्हणून कंपनीचं नाही, आपल्या जहाजाचं नाव टाकून शोधा.

लाँड्रीची खोली असली तरी फॉर्मल नाइटच्या दुपारी चारनंतर तिथे जाऊ नका. सगळं जहाज त्याच वेळी तिथे येतं, आणि इस्त्रीच्या रांगेत सुटीवर आलेल्या सज्जन माणसांचे जे चेहरे होतात ते बघण्यासारखे नसतात. सकाळी लवकर जा, किंवा आदल्या दिवशी जहाज बंदराला लागून निम्मे लोक खाली उतरलेले असतात तेव्हा जा. इस्त्री हातात घेतली की आधी तिची डायल बघा. तुमच्या आधीच्या माणसाने सुती शर्टासाठी ती पूर्ण तापवून ठेवलेली असण्याची शक्यता दाट. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात: एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. तीन ठिपक्यांवरची इस्त्री एक ठिपक्याच्या गाऊनवर टेकली की पुढे दुरुस्ती नाही. डायल खाली आणल्यावर दोन-चार मिनिटं थांबा, मग आतल्या शिवणीवर टेकवून बघा, आणि कोटावर तर मध्ये पातळ सुती कापड ठेवल्याशिवाय इस्त्री फिरवूच नका, नाहीतर गडद लोकरीवर चकाकी येते.

जहाजाच्या लाँड्रीकडून इस्त्री करून घेणार असाल तर पहिल्याच दिवशी कपडे केबिन स्टुअर्डकडे, म्हणजे तुमच्या खोलीची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, द्या. त्याच दिवशी परत हवे असतील तर बहुतेक ठिकाणी जादा आकार लागतो, आणि फॉर्मल नाइटच्या दिवशी दिलेला कोट वेळेत येईलच असं नाही. काही जहाजांवर "एका पिशवीत मावतील तेवढे कपडे ठरावीक पैशांत" अशी सवलत निघते. ती रोजच्या कपड्यांसाठी असते. कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालून येतात, इस्त्री त्यात धरलेली नसते. लोकरीचा कोट चुकून त्या पिशवीत गेला तर चुरगळण्याचा प्रश्न कायमचा मिटतो, कारण कोट घालण्याच्या मापाचाच राहत नाही.

फॉर्मल नाइट आहे तरी का?

अर्ध्या लोकांच्या तक्रारीचं निवारण इथेच होतं. सात रात्रींच्या सहलीत साधारणपणे एक किंवा दोन फॉर्मल संध्याकाळी असतात, तीन-चार रात्रींच्या सहलीत फार तर एक. आता तेही सगळीकडे नाही. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर सक्तीची फॉर्मल नाइट नसते. व्हर्जिन व्हॉयेजेसवर फॉर्मल नाइट नसते, मात्र लाल कपडे घालायची एक संध्याकाळ असते. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवरही टक्सीडोची, म्हणजे काळ्या डिनर जॅकेटच्या पोशाखाची, अपेक्षा नसते. सेलिब्रिटी या क्रूझ कंपनीने 'फॉर्मल नाइट' हा प्रकार काढून त्याऐवजी थोडी सैल 'इव्हिनिंग शिक' संध्याकाळ आणली. कार्निव्हलवर 'क्रूझ एलिगंट' म्हणतात आणि तिथे कॉलरचा शर्ट आणि पँटही चालून जाते.

दुसऱ्या टोकाला कुनार्ड. क्वीन मेरी २ या जहाजावर अटलांटिक ओलांडायच्या सात रात्रींच्या प्रवासात सहसा दोन गाला इव्हिनिंग असतात आणि लोक त्या मनावर घेतात. पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि टाय, स्त्रियांना इव्हिनिंग ड्रेस, कॉकटेल ड्रेस किंवा नेटका ट्राउझर सूट. आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही तिथे मान्य असतो. डिनर जॅकेट नसेल तर ते विकत घ्यायची काही गरज नाही, गडद सूट पुरतो.

नियम कुठे लागू आहे हेही नीट वाचा. बहुतेक जहाजांवर तो मुख्य डायनिंग हॉलपुरता असतो. बुफेत आणि साध्या खाण्याच्या ठिकाणी रोजच्या नेटक्या कपड्यांत जाता येतं. कुनार्डवर तो संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बऱ्याच भागाला लागू होतो, पण तिथेही किंग्ज कोर्ट बुफे किंवा गोल्डन लायन पब मोकळे असतात. ज्यांना टायचा मनापासून कंटाळा आहे त्यांनी एका जेवणासाठी तीन किलोचं ओझं का वाहावं, हे मला खरंच कळत नाही. हौस असेल तर जरूर न्या. पण "लोक काय म्हणतील" म्हणून नेत असाल तर बॅगेतली तेवढी जागा मोकळी सोडा.

दोन फॉर्मल रात्री असतील तर दोन सूट नकोत. एक गडद सूट, दोन शर्ट, दोन टाय. स्त्रियांसाठी एक गडद, साध्या कापडाचा लांब ड्रेस आणि त्यावर बदलायला एक शाल, एक जॅकेट, दोन वेगवेगळे दागिने. रोज त्याच टेबलावर त्याच लोकांबरोबर जेवायचं असेल तर कुणाच्या तरी लक्षात येईल. येऊ दे.

आता तारीख. फॉर्मल नाइट पहिल्या रात्री सहसा नसते, कारण बंदरावर दिलेल्या बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ उजाडते. शेवटच्या रात्रीही नसते, कारण तेव्हा बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. ही पद्धत जुनी आहे. मोठ्या प्रवासी बोटींच्या काळात सामानावर चिठ्ठ्या लावत: 'केबिन', 'प्रवासात लागेल' आणि 'प्रवासात लागणार नाही'. तिसऱ्या प्रकारच्या पेट्या थेट तळाच्या गोदामात जात आणि पलीकडच्या किनाऱ्यावरच परत दिसत. पहिल्या आणि शेवटच्या रात्री जेवणासाठी नटायचं नाही असा संकेतही तेव्हाचाच, कारण सगळ्यांच्याच पेट्या एकतर उघडायच्या असत किंवा बांधलेल्या. आज फॉर्मल नाइट बहुधा समुद्रदिवशी, म्हणजे जहाज कुठेच थांबत नाही अशा दिवशी येते, आणि सात रात्रींच्या सहलीत पहिला समुद्रदिवस अनेकदा दुसराच दिवस असतो. म्हणजे बॅग हातात आल्यापासून जेमतेम चोवीस तास. हवामानामुळे एखादं बंदर गळलं तर संध्याकाळींची अदलाबदलही होते. जहाजाच्या अॅपवर किंवा केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकावर ते कळतं.

धागा: खरा गुन्हेगार बहुतेकदा हाच

सुती, लिनन आणि व्हिस्कोस हे तिन्ही सेल्युलोजचे धागे. त्यांच्या आतल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलावा आला की हे बंध सुटतात, आणि कापड सुकताना ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत पुन्हा जुळतात. इस्त्री करताना आपण नेमकं हेच करतो: ओलावा देतो, सपाट दाबतो, सुकवतो. बॅगेतही तेच घडतं, फक्त सपाट दाबायच्या ऐवजी दुमडून दाबलं जातं. दमट हवा, वरून वजन, आठ-दहा तास. चुणी पक्की व्हायला आणखी काय हवं?

यातून एक गोष्ट निघते जी फार थोडे लोक पाळतात. इस्त्री केल्याकेल्या कपडा बॅगेत भरू नका. ताज्या इस्त्रीच्या कपड्यात ऊब असते आणि वाफेचा ओलावा शिल्लक असतो, म्हणजे तो अजून नवीन आकार घ्यायला तयार असतो. आदल्या दिवशी इस्त्री करा, रात्रभर हँगरवर ठेवा, पूर्ण थंड आणि कोरडा झाल्यावर घडी घाला. बॅग बंद करायच्या तासभर आधी इस्त्री करायची सवय असेल तर तुमचा दोष इथेच सापडला.

लोकर वेगळी वागते. तिच्या धाग्याला मुळातच नागमोडी वळण असतं, त्यामुळे दाब गेला की तो स्वतःहून पूर्ववत व्हायला बघतो. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही, म्हणून थोड्या दमट हवेत टांगलेला लोकरी कोट एका रात्रीत बराचसा मोकळा होतो. घट्ट पीळ दिलेल्या सुताचं लोकरी कापड तर प्रवासासाठीच असतं म्हणा ना. क्रूझसाठी एकच सूट न्यायचा असेल तर लोकरीचा, मध्यम वजनाचा, गडद रंगाचा न्या. लिननचा सूट बंदरावर दुपारी फिरायला छान, पण चुरगळण्याची तक्रार करणाऱ्यांनी संध्याकाळसाठी तो नेऊ नये.

पॉलिएस्टर बॅगेत सहसा चुरगळत नाही, कारण त्याचा आकार बदलायला सुमारे ७० ते ८० अंशांच्या पुढची उष्णता लागते आणि तेवढी बॅगेत नसते. पण याच कारणाने, पॉलिएस्टरमध्ये एकदा चुकीच्या इस्त्रीने बसलेली घडी बाथरूमच्या वाफेने निघत नाही. "तासभर वाफेत ठेवला तरी ड्रेसवरची रेघ गेली नाही" अशी तक्रार असेल तर आधी लेबल वाचा. जर्सी किंवा इतर विणलेल्या कापडाचा लांब ड्रेस हा माझ्या दृष्टीने सगळ्यात कमी कटकटीचा. त्याची गुंडाळी केली तरी चालते.

मखमल नको. तिची लव एकदा दबली की नुसत्या टांगण्याने ती उठत नाही, वाफ लागते, आणि वाफेचं यंत्र जहाजावर नेता येत नाही. रेशीम चुणी धरतं आणि पाण्याच्या थेंबाचा डागही धरतं, म्हणून त्यावर ओल्या हाताचे प्रयोग करायचे नसतात.

दुकानात किंवा कपाटापुढे उभे असताना करायची चाचणी सोपी आहे. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट धरा, दहापर्यंत मोजा, सोडा. मिनिटभराने चुणी विरत असेल तर कपडा जहाजावर न्यायचा. मिनिटभरानंतरही ती नकाशासारखी दिसत असेल, तर बॅग कितीही महागडी घ्या, संध्याकाळी तुम्ही इस्त्रीच्या रांगेत असणार.

आता घडी

चुणी पडते ती दोन कारणांनी: तीक्ष्ण दुमड आणि घर्षण. दुमडीच्या आत काहीतरी मऊ भरलं की पहिलं टळतं. दोन थरांमध्ये गुळगुळीत प्लास्टिक ठेवलं, ड्रायक्लीनिंगवाल्याकडून कपड्यावर येतं तसं, की थर एकमेकांवरून सरकतात आणि दुसरंही टळतं. घडीच्या सगळ्या पद्धती या दोन गोष्टींचेच प्रकार आहेत.

कोटाचा एक खांदा उलटा करा, दुसरा खांदा त्यात बसवा, म्हणजे अस्तर बाहेर आणि चांगली बाजू आत जाते. खांद्यांच्या पोकळीत मोजे किंवा बनियन भरा. वरून प्लास्टिकचं आवरण, आणि मग कमरेजवळ एकच दुमड, तीही एखाद्या मऊ स्वेटरभोवती. पँट बॅगेच्या तळाशी अशी पसरा की पाय बॅगेबाहेर लोंबतील, त्यावर बाकीचे कपडे रचा आणि शेवटी पाय वरून आत घ्या. शर्टाच्या कॉलरमध्ये गुंडाळलेला पट्टा ठेवला की कॉलर दबत नाही आणि पट्ट्याचीही जागा होते. लांब गाऊन मधोमध दुमडायचा नाही. लांबीत दोन किंवा तीन पदर करून, मध्ये पातळ कागद घालून, खालच्या काठापासून सैल गुंडाळायचा. टिकल्या किंवा मणी असतील तर उलटा करून, नाहीतर त्या शेजारच्या कपड्याचे धागे ओढतात.

हवा काढून टाकायच्या पिशव्या फॉर्मल कपड्यांना लावू नका. जागा वाचते हे खरं, पण थरांमधली हवाच तर गादीचं काम करत असते. ती काढली की चुणी दाबाखाली पक्की होते. वजन तर तसूभरही कमी होत नाही. बऱ्याच विमान कंपन्यांची चेक-इन बॅगेची मर्यादा २३ किलो असते आणि पिशव्यांमुळे जागा मोकळी दिसली की माणूस आणखी कपडे भरतो. बॅग अर्धी रिकामी असणंही वाईट, आतले कपडे घसरत राहतात. सैल, पण भरलेली हवी.

सूट कव्हरमध्ये टांगून हातातून न्यायला मला सगळ्यात आवडतं, पण ज्याला विमानात वरच्या कप्प्यात जागा मिळेल त्यालाच हे परवडतं. वरून कुणी चाकांची बॅग ढकलली की त्या कव्हरची घडीच होते. कोट अंगात घालून विमानतळावर जा आणि आत गेल्यावर काढून सैल दुमडून ठेवा, हे त्यापेक्षा खात्रीचं. काहीही करा, फॉर्मल नाइट दुसऱ्याच रात्री असेल तर तो पोशाख बंदरावर हमालाच्या हाती द्यायच्या बॅगेत नसावा. आपल्यासोबत जहाजावर चढणाऱ्या बॅगेत असावा. मग दुपारी केबिन उघडली की लगेच तो हँगरवर जातो, आणि बाकीच्या बॅगा रात्री आठला येवोत.

केबिनमध्ये पोचल्यावर

आधी फॉर्मल कपडे बाहेर, मग बाकी सगळं. जेवायला, पूल बघायला, डेकवर फोटो काढायला सगळे धावतात आणि कोट बॅगेतच राहतो. पाच मिनिटांचं काम आहे. त्या पाच मिनिटांनी लोकरीच्या कोटाला अख्खी रात्र मिळते.

केबिनचं कपाट अरुंद असतं आणि त्यातला अर्धा भाग अनेकदा कप्प्यांनी भरलेला असतो. लांब गाऊनचा काठ खाली टेकून दुमडला जातो आणि लटकवूनही नवीन चुणी तयार होते. केबिनच्या भिंती बहुतेक जहाजांवर पोलादी असतात, त्यांवर चुंबकाचे हुक छान बसतात. घेताना वजन पेलणारे घ्या, फ्रिजवर चिठ्ठी लावायचे नव्हेत. कोटासाठी रुंद खांद्याचा हँगर नसेल तर साध्या हँगरच्या टोकांना छोटा टॉवेल गुंडाळा. बाल्कनीत काहीही टांगू नका. वारा कपडा घेऊन जातो, आणि नाही नेला तर खारट तुषार बसतात. कापडावर सुकलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कपडा चिकट, मलूल होतो. रेलिंगवर कपडे टाकायला बहुतेक जहाजांवर मनाईच असते.

बाथरूमच्या वाफेबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण ती का फसते हे नाही. जहाजाच्या बाथरूममधला हवा ओढणारा पंखा जोरकस असतो आणि तो बंद करता येत नाही, त्यामुळे वाफ साठतच नाही. जागा इतकी लहान की कपड्यावर पाणी उडतं. दार उघडं ठेवून केबिनभर वाफ सोडायचा मोह आवरा, धूर ओळखणारं यंत्र वाफेनेही वाजू शकतं. तुम्ही अंघोळ करताना लोकरीचा कोट दाराच्या आतल्या हुकावर राहू दे, एवढाच त्याचा उपयोग. त्यासाठी वेगळं गरम पाणी वाहवण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा हात वापरा. सुती किंवा लोकरी कापडावर ओला तळहात चुणीवरून फिरवा, खालचा काठ हलका ओढून धरा आणि केबिनमधल्या हेअर ड्रायरने ती जागा सुकवा. ओलावा, ताण, ऊब: इस्त्रीचंच तत्त्व, फक्त हळू. चुण्या घालवायचा स्प्रे मिळतो तोही याच पद्धतीने वापरायचा. फवारून नुसतं बसून राहिलं तर निम्माच परिणाम दिसतो. हातातल्या बॅगेत न्यायचा असेल तर बाटली १०० मिलीपर्यंतची हवी, आणि आधी आतल्या शिवणीवर फवारून डाग पडतो का ते बघा. केस सरळ करायच्या चिमट्याने कॉलर सरळ करणारे बरेच आहेत. चिमटा २०० अंशांपर्यंत जातो, तेव्हा तो फक्त सुती कॉलरवर, सगळ्यात कमी तापमानाला, आणि हातातून खाली न ठेवता. कृत्रिम धाग्याजवळ तो नेऊच नका.

आणि शर्टाचं एक गुपित. कोट अंगावर राहणार असेल तर शर्टाचा दिसतो तो फक्त कॉलर, छातीवरचा त्रिकोण आणि कफाची बोटभर पट्टी. पाठ, बाह्या, पोट कितीही चुरगळलेलं असो, कुणाला दिसत नाही. इस्त्रीच्या रांगेत पाच मिनिटंच मिळाली तर एवढंच करा आणि निघा. फक्त नाचताना कोट काढू नका.

चुरगळत नाही, पण काहीतरी राहतंच

ही वेगळी तक्रार आहे, पण त्याच संध्याकाळी येते. सूट आहे, काळे मोजे नाहीत. दुहेरी कफाचा शर्ट आहे, कफलिंक घरी. उघड्या खांद्यांचा ड्रेस आहे, त्याखाली घालायचं अंतर्वस्त्र नाही. यादी करून हे सुटत नाही, कारण यादीवर 'सूट' या एका शब्दावर खूण होते. घरी एकदा पूर्ण पोशाख अंगावर चढवा, बूट-मोज्यांसह. मग काढताना जे जे अंगावरून उतरेल ते सगळं एकत्र भरा. काही राहण्याची शक्यताच उरत नाही, आणि पँट कमरेला होत नाही हेही आधी कळतं. कफलिंक, बटणं, बो टाय, दागिने एका छोट्या डबीत, आणि ती डबी हातातल्या बॅगेत. सोबत चार सेफ्टी पिना आणि सुई-दोरा.

बुटांवर फार विचार नको. चामड्याचे फॉर्मल बूट जड असतात, म्हणून एकच जोड, आणि तो बाकी संध्याकाळींनाही चालेल असा. बारीक टाचेच्या सँडल हलत्या जहाजावर आणि डेकच्या फळ्यांवर त्रास देतात, रुंद टाच बरी.

डागांबद्दल एक इशारा, कारण तो फसवा आहे. सनस्क्रीनमधला अॅव्होबेन्झोन हा घटक पाण्यातल्या लोहाशी मिळून कापडावर गंजासारखा तांबूस डाग पाडतो, आणि तो धुतल्यावर उमटतो, आधी दिसत नाही. समुद्रदिवशी दिवसभर उन्हात लोळून मानेवरची क्रीम तशीच ठेवून पांढरा शर्ट घातला की कॉलर गेली. अंघोळ करा, मगच शर्ट घाला. जेवताना काही सांडलं तर टिपा, घासू नका, आणि त्या जागेवर इस्त्री किंवा ड्रायर फिरवू नका. उष्णतेने डाग पक्का बसतो.

फॉर्मल रात्र संपली की कोट लगेच बॅगेत कोंबायचा नाही. घामाचा ओलावा असतो, रात्रभर टांगा, सकाळी भरा. परतीच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायची वेळ ठरलेली असते, तेव्हा हे कपडे त्या मोठ्या बॅगेत गेले तरी चालतील, चुरगळले तर घरी इस्त्री आहे. फक्त दाराबाहेर बॅग ठेवण्याआधी दुसऱ्या दिवशी सकाळी घालायचे कपडे आणि बूट बाजूला काढलेत ना, तेवढं तपासा. सगळं भरून झाल्यावर रात्रीच्या कपड्यांतच बंदरावर उतरावं लागलेली माणसं असतात.